एकच टक्

१

सोमवारी सकाळी नेत्रपेढीच्या कार्यालयात, टेबलाच्या मधोमध, एक छापील कागद पेपरवेटखाली ठेवलेला होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाकून वाचत होता आणि न वाचल्यासारखं करून पुढे जात होता.

'मी, या संस्थेचा चालक, लिहून देतो की गुरुवारी रात्री गाडी लावताना गाडीचा दिवा माझ्याकडून चालू राहिला. त्यामुळे बॅटरी उतरली. शुक्रवारी सकाळी किल्ली फिरवली असता टकटकटक असा आवाज आला व गाडी चालू झाली नाही. या विस्मरणाची जबाबदारी माझी आहे.'

खाली सहीसाठी रेघ. रेघेवर अजून काही नव्हतं.

"चार वाजता डॉक्टरबाई चौकशीला बसतील, त्याच्या आत सही हवी," व्यवस्थापक म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

शुक्रवारी जे झालं ते सगळ्यांना पाठ होतं. रात्री एक वाजता एक म्हातारे गणिताचे मास्तर वारले. त्यांनी डोळे द्यायचं लिहून ठेवलं होतं, पण रडारडीत घरच्यांना ते आठवायला पहाटेचे साडेपाच झाले. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणजे सात वाजेपर्यंत. रस्ता पाऊण तासाचा. वेळ होता. पण पावणेसहाला गाडी चालू झाली नाही, धावपळ झाली, आणि माणसं पोचली तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. बुबुळांवरचे पडदे ढगाळले होते. इथे दोन रोगी उपाशीपोटी ऑपरेशनची वाट बघत बसले होते. त्यांना घरी जा म्हणून सांगावं लागलं.

कागद वाचणाऱ्यांत शेवटची होती ती उपकरणं सांभाळणारी मुलगी. पदार्थविज्ञान शिकून दोन वर्षांपूर्वी इथे लागली. सूक्ष्मदर्शक, शीतपेट्या, त्यांची तापमानं, सगळं तिच्याकडे. कोटाच्या खिशात कायम व्होल्टमीटर असायचा, म्हणून सगळे तिला मीटर म्हणत, आणि आता तिलाही दुसऱ्या नावाने हाक मारली तर मान वळवायला वेळ लागे.

मीटरने कागद दोनदा वाचला. गाडी तिला चालवता येत नव्हती. पण ओमचा नियम येत होता, आणि 'टकटकटक' या शब्दापाशी तिचं बोट थांबलं होतं.

२

चालकाला सगळे मामा म्हणत. अकरा वर्षांत त्यांनी एकही हाक चुकवली नव्हती. आता ते अंगणात, न चालणारी गाडी फडक्याने पुसत होते.

"मामा, सही केलीत?"

"चारला करायची आहे. घाई काय? गाडी कुठे पळून चालली आहे का?"

"खरंच राहिला होता दिवा?"

मामांनी फडकं पिळलं, झटकलं, परत घडी केली. "बंद केला होता असं वाटतं."

"मग तसं सांगा ना."

"अगं, माझ्या थोरल्या भावालाही तसंच वाटायचं. गॅस बंद केला असं वाटायचं. नळ बंद केला असं वाटायचं. शेवटी शेवटी मला बघून म्हणायचा, आपण कोण? मीही आता त्याच वयाला आलो." ते आरशावरचा एक डाग पुसत राहिले. "एकदा झालं असतं तर म्हटलं असतं गाडीचा दोष. तीनदा झालं. नवी बॅटरी घालूनही झालं. सही काय, करून टाकीन गं. नोकरीचंही एक वेळ सोड. पण एकदा सही केली की मलाच खरं वाटायला लागेल. मग किल्लीला हात लावायचा कसा? मागे माणसं बसलेली असतात."

मीटरने बॉनेटकडे बघितलं. ती म्हणाली, "आवाज कसा आला ते सांगा."

"टक्."

"टकटकटक नाही?"

"टक्. किल्ली मागे घेतली, परत फिरवली. टक्. परत. टक्. वहीत लिहिलं आहे की."

"कागदावर टकटकटक आहे."

"टाइप करणाऱ्याला पाय मोडायचा कंटाळा आला असेल," मामा म्हणाले. गाडीवर येण्यापूर्वी ते छापखान्यात खिळे जुळवायचे. ऑफसेट आलं, छापखाना बसला, मामा गाडीवर आले. पण वेलांटी चुकलेली पाटी दिसली की अजून गाडीचा वेग कमी होत असे.

त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीची वही काढून दिली. टपोरं, सरळ, छापल्यासारखं अक्षर. मीटरने शेवटचं पान उघडलं.

'ता. ३. छतातला दिवा गेला. बल्ब काढून ठेवला. नव्याची चिठ्ठी दिली.
ता. ११. बॅटरीची बैठक व इंजिनाची पट्टी, भोवतीचा गंज घासला. काळा रंग, दोन हात.
ता. १४. सकाळी टक्. बेकरीवाल्याने आपल्या बॅटरीला जोडून दिली, लगेच चालू.
ता. १६. क्लचची वायर जड लागते. तेल दिले.
ता. १९. सकाळी टक्. बेकरीवाला. लगेच चालू. नवी बॅटरी घातली.
ता. २७. पावणेसहा. टक्. टक्. टक्. चालू नाही.'

सत्तावीस तारखेच्या तिन्ही 'टक्'मधल्या क चा पाय मोडलेला होता, आणि प्रत्येकापुढे पूर्णविराम होता. घाईत, पहाटे, मास्तरांच्या घरी माणसं खोळंबलेली असताना लिहिलेला पूर्णविराम.

"किल्ली द्या," मीटर म्हणाली.

ती चालकाच्या जागेवर बसली आणि किल्ली फिरवली. बॉनेटखाली कुठेतरी एकदाच, दार लागल्यासारखा, आवाज झाला.

टक्.

३

"हे बघा मॅडम," व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही विज्ञानाच्या. तुम्हाला मी काय तर्क शिकवणार?"

ते वाईट माणूस नव्हते. नीटनेटके होते. त्यांच्या टेबलावर पेन्सिलींची टोकं एका दिशेला असत.

"चौदा तारखेला गाडी बंद. बेकरीवाल्याने बॅटरी जोडली, चालू. एकोणीसला तेच. दुसरी बॅटरी जोडल्यावर चालू होते म्हणजे दोष बॅटरीचा. बरोबर?"

"पुढे?"

"आपण नवी बॅटरी घातली. आठ दिवसांत तीही उतरली. नवी बॅटरी आपण होऊन उतरत नाही, कोणीतरी उतरवावी लागते. म्हणजे दिवा. शिवाय रखवालदाराने तो पाहिला. मला मामांचं वाईट वाटतं, पण वयापुढे कोणाचं चालतं? किल्ली काढून घेणं त्यांच्याच भल्याचं."

"शुक्रवारी बॅटरी जोडून पाहिली होती का?"

"मीच जोडली. मामांबरोबर निघालेल्या अक्कांनी घरी फोन केला, मी सहा वाजून दहा मिनिटांनी माझी गाडी घेऊन हजर. तांबडा चिमटा अधिकला, काळा चिमटा उण्याला, दोन्ही गाड्यांत, पुस्तकात असतं तस्सं. पंचवीस मिनिटं खटपट केली. ढिम्म. इतकी उतरली होती."

मीटरने गाडीच्या त्याच वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले. सहा दहा. पंचवीस मिनिटं. मग तिची पेन्सिल थांबली.

"साहेब, चौदाला जोडल्यावर लगेच चालू झाली. एकोणीसला लगेच. आणि शुक्रवारी पंचवीस मिनिटांत नाही?"

"म्हटलं ना, फारच उतरली होती."

"उतरलेली बॅटरी कितीही उतरो, शेजारी धडधाकट बॅटरी जोडली की तिची रड संपायला हवी. तुमची गाडी नवी आहे ना?"

व्यवस्थापकांनी एक पेन्सिल उचलून परत त्याच जागी ठेवली. "तुम्ही रखवालदाराला विचारा," ते म्हणाले. "त्याने दिवा डोळ्यांनी पाहिला आहे."

४

रखवालदार फाटकापाशी खुर्चीत बसून पायमोजा रफू करत होता.

"दिवा? हो ताई. पाहिला ना."

"कुठला?"

"कुठला म्हणजे... छतातला. आतला. पिवळा."

"किती वाजता?"

"साहेबांनी किती सांगितलं?"

मीटर त्याच्याजवळच्या दगडी ओट्यावर टेकली. "साहेबांचं राहू दे. तू सांग."

रखवालदाराने सुईत दोरा ओवायला बराच वेळ घेतला. "आता कसं आहे ताई. साहेब आले, म्हणाले, रात्री गाडीत दिवा दिसला असेल ना रे? म्हटलं असेल. साहेब विचारतात तर नाही कसं म्हणायचं? म्हणाले, पुढचे दिवे असते तर अख्ख्या गल्लीला दिसले असते, म्हणजे छतातलाच ना? म्हटलं, छतातलाच. मग त्यांनी लिहून घेतलं. लिहिल्यावर मलाही आठवायला लागला."

"आता आठवतो?"

"चांगला आठवतो. पिवळा होता."

मीटर उठली, गाडीपाशी गेली, दार उघडून आत वाकली आणि छताकडे बघितलं. प्लास्टिकच्या झाकणाआड दोन पितळी पत्र्या होत्या, आणि त्यांच्या मधे बल्बची रिकामी जागा. तीन तारखेची चिठ्ठी व्यवस्थापकांच्या ट्रेमध्ये सत्तावीस दिवस झोपली होती.

जो दिवा गाडीत नव्हताच, तो रात्रभर जळून बॅटरी उतरवून गेला होता.

५

कागदाचा एक पाय गेला. पण मीटरला एवढ्याने समाधान नव्हतं. छतातला दिवा नव्हता तर पुढचे असतील, असं कोणीही म्हणू शकलं असतं. आणि मामांनी तर तेही मान्य केलं असतं.

शुक्रवारी मामांबरोबर जाणार होत्या त्या अक्का. त्या नेत्रपेढीच्या समुपदेशक. शोकात बुडालेल्या घरात जाऊन डोळ्यांविषयी बोलायचं काम त्यांचं, त्यामुळे एरवी त्या मोठ्याने बोलून हिशेब बरोबर करत.

"मी गाडीपुढे उभी होते," अक्का म्हणाल्या. "पत्ता वाचत होते. मास्तरांच्या मुलीने फोनवर सांगितलेला, मी पेन्सिलीने लिहून घेतलेला, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे."

"डॉक्टरांपेक्षा वाईट."

"गप. तर अंगणात अंधार, म्हणून मामांना म्हटलं पुढचे दिवे लावा. त्या उजेडात वाचत होते. ते किल्ली फिरवत होते आणि मी वाचत होते."

"किल्ली फिरवताना उजेड मंद झाला?"

"नाही."

"अक्का, आठवून सांगा. तुम्हाला कोणी सुचवत नाहीये."

"आठवायचं काय त्यात? मंद झाला असता तर माझं अक्षर मला वाचता आलं असतं का? लख्ख उजेड होता. टक् झालं तेव्हाही लख्ख."

मीटरने पेन्सिल खाली ठेवली. बॅटरी उतरलेली असती तर किल्ली फिरवताच दिवे मलूल झाले असते, आणि बहुधा बॉनेटखालून खरोखरच टकटकटक असं, दात वाजल्यासारखं, ऐकू आलं असतं: थोडा जोर येतो, संपतो, परत येतो, परत संपतो. इथे एकच ठाम टक् आणि लख्ख दिवे. बॅटरी भरलेली होती. कोणीही काहीही विसरलं नव्हतं.

मग बेकरीवाल्याची बॅटरी जोडल्यावर गाडी चालू का व्हायची?

बेकरी रस्त्याच्या पलीकडे होती. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात होता.

"मला ठाऊकच होतं," तो म्हणाला. "तुमच्या त्या पेन्सिलवाल्या साहेबानं काहीतरी केलं असणार. बाहेरची भाड्याची गाडी ठेवायची आहे त्याला."

"काय केलं असेल?"

"ते मला काय ठाऊक? मी पाव करतो."

"तुम्ही दोनदा जोडून दिलीत. कशी जोडता ते दाखवा."

त्याने हात न धुता, हवेतच, दोन अदृश्य गाड्या उभ्या केल्या. "तांबडा इकडे अधिकला, तांबडा तिकडे अधिकला. काळा माझ्या बॅटरीच्या उण्याला. आणि दुसरा काळा तुमच्या इंजिनाला, चांगल्या जाड लोखंडाला."

"बॅटरीच्या उण्याला नाही?"

"मेलो तरी नाही." त्याने कपाळ पुढे केलं. डाव्या भुवईचा अर्धा भाग नव्हता. "तरुणपणी लावला होता. ठिणगी उडाली, बॅटरीतून वायू येत असतो ना, फट् झालं. भुवई तेव्हा गेली ती गेली. बायको लग्नाच्या आधी म्हणाली होती, उगवेल. अजून वाट बघते आहे. तेव्हापासून शेवटचा काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाला. काय झालं? अशी काय बघतेस?"

मीटर त्याच्या भुवईकडे बघत नव्हती. बेकरीवाल्याचा काळा चिमटा इंजिनाला: लगेच चालू. साहेबांचा काळा चिमटा बॅटरीला: पंचवीस मिनिटं ढिम्म. बाकी सगळं सारखं. फरक एका चिमट्याचा, हातभर अंतराचा.

त्या हातभर अंतरात काहीतरी तुटलं होतं.

६

तीन वाजता तिने अक्कांना गाडीत बसवलं आणि बॉनेट उघडलं. व्होल्टमीटरची एक तार तिने बॅटरीच्या उण्या टोकाला धरली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला.

"मी सांगितलं की किल्ली फिरवा."

"गाडी माझ्या अंगावर नाही ना येणार?"

"अक्का, ती तीन दिवस जागची हललेली नाही. फिरवा."

टक्. व्होल्टमीटरच्या काचेवर आकडा उमटला. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा होता. दहा होता.

वीज बॅटरीतून निघते, स्टार्टरला फिरवते आणि इंजिनाच्या लोखंडातून परत बॅटरीत येते. जाणारी वाट रुंद असून भागत नाही, येणारीही तितकीच रुंद लागते. इंजिन रबरी बैठकांवर बसलेलं असतं, म्हणून त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी तांब्याच्या विणीची एक जाड पट्टी असते. परतीची वाट ती. दिव्यांची परतीची वाट वेगळी, थेट सांगाड्यातून, म्हणून दिवे लख्ख. स्टार्टरची वाट मात्र त्या पट्टीपाशी अडली होती.

आणि वाट अडली की वीज आडवाट शोधते. मीटरने क्लचच्या वायरवर बोट फिरवलं. वरचं काळं आवरण एका जागी वितळून सुरकुतलं होतं. स्टार्टरची वीज त्या बिचाऱ्या तारेतून परतत होती. कधी पुरायची, कधी नाही. मामांना ती जड लागायची यात नवल नव्हतं.

बेकरीवाला म्हणाला तसं कोणी पट्टी सैल केली असेल? तिने ती हलवून पाहिली. घट्ट होती. उलट जरा जास्तच घट्ट, काळजी घेऊन पिळल्यासारखी. तुटलेली नव्हती, गंजलेली नव्हती. सांगाड्याकडचं तिचं टोक स्वच्छ, गुळगुळीत, काळ्या चकचकीत पृष्ठभागावर बसलं होतं.

मीटरने वाकून निरखलं. नखाने खरवडलं. नखावर रंगाची खपली आली.

ती आत गेली, वही उघडली आणि अकरा तारखेची ओळ परत वाचली. सकाळी ती ओळ डोळ्यांखालून गेली होती आणि तिला काहीच बोलली नव्हती. पहिलं टक् चौदाचं. ओळ अकराची.

"सापडलं?" अक्कांनी दारातून विचारलं.

"सापडलं."

"कोण?"

मीटरने वही त्यांच्यापुढे सरकवली. तिने सकाळपासून ज्या माणसासाठी ही धावपळ चालवली होती, त्याचंच टपोरं अक्षर.

अक्कांनी वाचलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे सांगितलंस तर चूक त्यांची. नाही सांगितलंस तर ते विसरभोळे. कुठलं सांगणार आहेस?"

घड्याळात पावणेचार झाले होते.

७

चार वाजता डॉक्टरबाई स्वतः अंगणात आल्या, कारण मीटरने निरोप पाठवला होता की कागद आत नाही, गाडीपाशी वाचायचा आहे. मागे व्यवस्थापक, हातात कागद आणि पेन. मामा आधीच उभे होते. रस्त्यापलीकडून बेकरीवाला आला, कोणी बोलावलं नव्हतं तरी.

"मामा, किल्ली फिरवा," मीटर म्हणाली.

टक्.

"ऐकलंत? एकच. आता ही एक काळी तार. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. एक टोक हिच्याच बॅटरीच्या उण्याला," तिने चिमटा लावला, "दुसरं हिच्याच इंजिनाला. तीन दिवस उतरलेली म्हणून बदनाम झालेली बॅटरी. मामा, परत."

मामांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बेकरीवाल्याने आपल्या उरलेल्या भुवईला हात लावला.

मीटरने थोडक्यात सगळं सांगितलं: अक्कांचा लख्ख उजेड, नसलेला बल्ब, दोन चिमटे, दहाचा आकडा. रखवालदार मधेच म्हणाला, "पिवळा होता पण," आणि अक्कांनी त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला.

"म्हणजे पट्टी खराब होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कशाने?"

मीटरने गाडी बंद करायला लावली. खिशातून पाना काढला आणि तो मामांच्या हातात दिला. "मामा, पट्टी तुम्ही काढा."

मामांनी बोल्ट सोडवला. पट्टी बाजूला केली. तिच्याखालचा भाग भोवतालच्या भागाइतकाच काळा आणि चकचकीत होता, कुठे ओरखडा नाही. मामा त्याकडे बघत राहिले. प्रूफात आपलीच चूक सापडलेला माणूस बघतो तसे.

"दोन हात दिले होते मी," ते म्हणाले. "तपासणी येणार होती. गंज डोळ्यांत भरत होता. पट्टी सोडली, घासलं, रंग दिला, वाळू दिला, परत लावली. खालून धातू उघडा ठेवायचा असतो, ते मला कधी कोणी सांगितलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही."

"रंगातून वीज जात नाही," मीटर म्हणाली. "फक्त बोल्टच्या आट्यांतून थोडी जायची."

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "म्हणजे फिरून चूक यांचीच."

"हो," मामा म्हणाले.

"मग सही करायला हरकत नसावी."

"एक मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी मीटरच्या हातातली वही घेतली होती. "तुम्ही सहा दहाला तुमची गाडी घेऊन आलात. रस्ता पाऊण तासाचा. म्हणजे सातला पाच कमी असताना पोचता आलं असतं. ती गाडी चालू होती ना? शेवटी माणसं गेली तीही तिच्यातूनच."

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं. बेकरीवाला त्यांच्याकडे फार आवडीने बघत होता.

"मला वाटलं, दोन मिनिटांत चालू होईल," ते शेवटी म्हणाले.

"पंचवीस मिनिटं वाटलं?"

टोपण लावलेलं पेन व्यवस्थापकांनी परत उघडलं आणि पुन्हा लावलं.

मामांनी हात पुढे केला. "द्या तो कागद. आणि पेन."

त्यांनी कागद बॉनेटवर पसरला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचत आले. 'दिवा माझ्याकडून चालू राहिला' यावर एक आडवी रेघ आली आणि समासात शेपटासारखी खूण: काढून टाका. 'बॅटरी उतरली', तीच खूण. 'टकटकटक'पाशी ते थांबले. तिन्ही क चे पाय मोडले, मधे दोन उभ्या रेघा मारून अक्षरं सुटी केली आणि प्रत्येकापुढे पूर्णविराम दिला. मग शेवटच्या ओळीत 'विस्मरणाची' हा शब्द खोडला आणि समासात, टपोऱ्या अक्षरांत, एकच शब्द लिहिला.

'या रंगाची जबाबदारी माझी आहे.'

आणि सही केली.

"असा खाडाखोडीचा कागद फाइलला चालत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"मला चालतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "याच्याखाली सहा दहा ते सहा पस्तीस, एवढं तुम्ही तुमच्या हाताने लिहा. मग दोघांचं काय करायचं ते मी ठरवीन. मामा, गाडी दुरुस्त झाल्याखेरीज घरी जायचं नाही."

अंगण रिकामं झालं. मामांनी पॉलिश पेपर घेतला आणि पट्टीखालचा रंग घासायला बसले. काळ्यातून राखाडी, राखाडीतून पांढरा चकाकता धातू. मीटर शेजारी तारा धरून उभी होती.

"मास्तरांचे डोळे माझ्यामुळे गेले," मामा घासता घासता म्हणाले.

मीटरला खोटं बोलायची सवय नव्हती. "काही तुमच्यामुळे. काही त्या पंचवीस मिनिटांमुळे."

"हं." त्यांनी फुंकर मारून भुकटी उडवली. "पण विसरलो नव्हतो."

"नाही. दिवा तुम्ही बंदच केला होता."

मामांनी पट्टी बसवली, बोल्ट पिळला, आत बसून किल्ली फिरवली. मीटरने आकडा बघितला: दशांश एक. इंजिन चालू झालं. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग बंद केलं, किल्ली काढली, आणि कार्यालयाच्या भिंतीवरच्या नेहमीच्या खिळ्याला न अडकवता स्वतःच्या खिशात टाकली.